दोन नकारांनंतर यूकेचा व्हिजिटर व्हिसा: आई-बाबांच्या तिसऱ्या अर्जाची तयारी

दुसरं नकारपत्र बाबांनी मला फोनवर वाचून दाखवलं. तासगावच्या घरी रात्रीचे नऊ वाजले होते, इकडे इंग्लंडमध्ये, रेडिंगला, दुपारचे साडेचार. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. इंग्रजी वाक्य ते एकेक शब्द जोखत वाचतात. 'माझं समाधान झालेलं नाही' या अर्थाचं वाक्य तिसऱ्यांदा आलं तेव्हा ते थांबले आणि म्हणाले, "म्हणजे आपण खोटं बोलतोय असं वाटतंय का गं त्यांना?"

तसं नसतं, हे समजायला मला बरेच दिवस लागले. व्हिजिटर व्हिसात सिद्ध करण्याची जबाबदारी पूर्णपणे अर्जदारावर असते. समोरचा अधिकारी तासगाव कधी पाहणार नाही, बाबांना भेटणार नाही. यूकेच्या व्हिजिटर व्हिसाला बहुतेक वेळा मुलाखतच होत नाही, त्यामुळे त्याच्यापुढे असतो तो फॉर्म आणि आपण चढवलेले कागद. त्यावरून 'हे लोक खरंच भेटायलाच येताहेत आणि वेळेवर परत जातील' हे जास्त संभाव्य वाटतं की नाही, एवढंच तो ठरवतो. आमच्या पहिल्या दोन अर्जांतले कागद पाहून मीही कदाचित नकारच दिला असता.

तिसऱ्या अर्जावर आई-बाबा आले तेव्हा माझी लेक चालायला लागली होती. बाळंतपणाला आई हवी होती, ते राहूनच गेलं. तुमच्या घरी असं होऊ नये म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे. हे यूकेच्या स्टँडर्ड व्हिजिटर व्हिसाबद्दल आहे. अमेरिका, कॅनडा, युरोपातले शेंगेन देश यांचे नियम आणि पद्धती वेगळ्या आहेत.

आधी नकारपत्र मराठीत उतरवा

नवा फॉर्म उघडण्याआधी हे काम करा. पत्राचा बराचसा भाग छापील असतो, तो बाजूला ठेवा. मधले तीन-चार परिच्छेद तुमच्याबद्दलचे असतात. त्यातलं प्रत्येक वाक्य वहीत मराठीत लिहा आणि त्याखाली चार ओळी मोकळ्या सोडा. बाबांनी वही पाहिली आणि म्हणाले, "ही तर प्रश्नपत्रिका आहे. आपण दुसऱ्याच प्रश्नांची उत्तरं लिहून आलो." तिथून आमची गाडी रुळावर आली.

पत्रात कलमांचे क्रमांक दिलेले असतात. व्हिजिटरचे नियम 'अपेंडिक्स व्ही' मध्ये आहेत आणि बहुतेक नकार त्यातल्या व्ही ४.२ वर येतात. त्याची उपकलमं अशी: 'ए' म्हणजे भेट संपल्यावर देश सोडाल का. 'बी' म्हणजे वरचेवर येऊन तिथेच घर करणार नाही ना. 'सी' म्हणजे येण्याचा हेतू खरा आणि परवानगी असलेला आहे का. 'डी' म्हणजे मनाई असलेलं काम करणार नाही ना. 'ई' म्हणजे नोकरी न करता, सरकारी मदत न घेता, परतीच्या प्रवासासकट सगळा खर्च भागेल एवढे पैसे आहेत का. आमच्या दोन्ही पत्रांत ए, सी आणि ई होती. ही तिन्ही बहुधा हातात हात घालून येतात, कारण पैशांचा हिशेब जुळला नाही की हेतूवर शंका येते आणि हेतूवर शंका आली की परत जाण्यावर.

मग प्रत्येक मुद्द्यापुढे तीनपैकी एक खूण करा. कागद दिलाच नव्हता. कागद दिला, पण त्यावर शंका घेतली. किंवा परिस्थितीच कच्ची आहे. पहिल्या दोन गोष्टी आठवड्याभरात सुधारता येतात. तिसऱ्या गोष्टीला वेळच द्यावा लागतो.

लगेच अर्ज करायचा का?

नियमाने थांबण्याची मुदत नाही. नकारात फसवणुकीचा ठपका नसेल तर दुसऱ्या दिवशीही अर्ज करता येतो. आम्ही तेच केलं. पहिल्या नकारानंतर तीन आठवड्यांत, तेच कागद, वर जावयाच्या आणखी पगारस्लिपा. पत्राच्या शेवटी छापलेलंच असतं की पुढचा अर्ज त्याच्या गुणदोषांवर तपासू, पण परिस्थिती बदलली नाही तर पुन्हा नकाराचीच शक्यता आहे. ते वाक्य आम्ही छापील समजून सोडून दिलं होतं. त्याची किंमत म्हणजे दोघांचं शुल्क पुन्हा पाण्यात गेलं. निर्णय झाल्यावर शुल्क परत मिळत नाही. सहा महिन्यांच्या व्हिसाचं शुल्क एप्रिल २०२५ मध्ये माणशी १२७ पौंड झालं. दर बदलत असतात, भरताना सरकारी संकेतस्थळावर पाहूनच हिशेब करा.

अपिलाचं काय, असं सगळे विचारतात. कुटुंबाला भेटायला येणाऱ्यांना पूर्वी अपिलाचा पूर्ण हक्क होता. जून २०१३ मध्ये तो गेला. आता मानवी हक्कांच्या मुद्द्याखेरीज अपील नाही. उरतो तो ज्युडिशियल रिव्ह्यूचा मार्ग, म्हणजे निर्णय कायद्याला धरून होता का एवढीच तपासणी. त्यासाठी आधी नोटिशीवजा पत्र द्यावं लागतं, निर्णयापासून तीन महिन्यांच्या आत हालचाल करावी लागते आणि वकिलाचा खर्च मोठा असतो. दिलेला कागद 'दिलाच नाही' असं पत्रात लिहिलं असेल, अशी उघड चूक असेल, तर वकिलाला जरूर विचारा. आई-वडिलांच्या साध्या भेटीसाठी मात्र नीट बांधलेला नवा अर्ज जवळजवळ नेहमीच लवकर पोचतो, असं माझं मत आहे.

जुना नकार लपवायचा नाही

हे मी ठासून सांगते. यूकेनेच नव्हे, कुठल्याही देशाने कधीही व्हिसा नाकारला असेल तर फॉर्ममध्ये तो विचारतात. दहा वर्षांपूर्वी अमेरिकेच्या वकिलातीत खिडकीवरच नकार मिळाला असेल, तोही सांगायचा. 'तेव्हा पासपोर्ट वेगळा होता, कुणाला कळणार?' असं सांगणारे एजंट आजही भेटतात. आम्हालाही एकजण भेटला होता. बोटांचे ठसे पासपोर्टबरोबर बदलत नाहीत. यूके, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड हे पाच देश ही माहिती आपसात ताडून पाहतात.

साधा नकार आणि फसवणुकीचा नकार यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. साध्या नकारावर नव्या अर्जाने मात करता येते. खोटी माहिती किंवा बनावट कागद दिल्याचा ठपका बसला तर दहा वर्षांपर्यंत अर्ज नाकारला जाऊ शकतो. एजंटने परस्पर बनावट एफडीची पावती लावली, तरी सही अर्जदाराची असते. म्हणून फॉर्म कुणीही भरो, पाठवण्याआधी प्रत्येक पान आई-वडिलांना मराठीत वाचून दाखवा आणि त्यांचा होकार घ्या.

तुमच्या पत्रात असा ठपका आधीच असेल तर हा लेख पुरणार नाही. यूकेतला सॉलिसिटर (वकील) किंवा इमिग्रेशन अॅडव्हाइस अथॉरिटीकडे नोंद असलेला सल्लागार गाठा. या संस्थेचं हे नाव जानेवारी २०२५ पासूनचं आहे, त्याआधी ती ओआयएससी म्हणून ओळखली जायची. नोंद नसताना यूकेत असा सल्ला देणं हा गुन्हा आहे.

फॉर्ममध्ये नकार नोंदवताना देश, महिना-वर्ष, पत्रावरचा जीडब्ल्यूएफ क्रमांक (अर्जाचा संदर्भ क्रमांक) आणि कारण दोन ओळींत लिहा. रडगाणं नको, तक्रारही नको.

पैसे: रक्कम किती यापेक्षा आली कुठून

खात्यात अमुक लाख हवेतच, असा आकडा नियमात कुठेही नाही. तरी गावोगाव 'पाच लाख दाखवा' हा मंत्र फिरतो. पहिल्या वेळी आम्ही तोच जपला.

बाबांचं पेन्शन दर महिन्याला ३८ हजार. ते एक-दोन तारखेला जमा व्हायचं आणि बाबा पाच तारखेच्या आत सगळं काढून आणायचे. किराणा, खतं, औषधं, मजुरांची मजुरी, सगळं रोखीत. महिन्याच्या शेवटी शिल्लक हजार-बाराशे. अशी पाच पानं. आणि सहाव्या पानावर, अर्जाच्या नऊ दिवस आधी, माझ्या नवऱ्याच्या खात्यातून आलेले पाच लाख. ते पान मी आता अधिकाऱ्याच्या नजरेने पाहते तेव्हा मलाच कसंतरी होतं. पैसे खोटे नव्हते, पण 'हे यांचेच आहेत आणि यांच्या हातात राहणार आहेत' हे सांगणारा एक कागद सोबत नव्हता.

तिसऱ्या वेळी आम्ही हे बदलायला दहा महिने घेतले. बाबांनी पेन्शन एकदम काढणं बंद केलं. दुकानदाराला आणि खतवाल्याला यूपीआयने पैसे द्यायला ते शिकले, त्यामुळे घरखर्च खात्यातच दिसू लागला आणि शिल्लक हळूहळू चढत गेली. फॉर्ममध्ये महिन्याचा खर्च विचारतात. तो आकडा आणि खात्यातून जाणारी रक्कम यांचा मेळ बसला पाहिजे. 'उत्पन्न ३८ हजार, खर्च ५ हजार' असं लिहिलं की कुणाचाही विश्वास बसत नाही.

मोठी जमा खरी असेल तर लपवू नका, तिचा माग दाखवा. आमचा बेदाणा मे महिन्यात सौद्यात निघाला, दोन लाख चाळीस हजार एकरकमी जमा झाले. त्या नोंदीवर पेन्सिलने खूण केली आणि अडत्याची सौद्याची पट्टी त्याच तारखेची लावली. ऊसवाल्यांनी कारखान्याचं बिल लावावं, कांदा-सोयाबीनवाल्यांनी बाजार समितीतली पट्टी. घर किंवा प्लॉट विकला असेल तर खरेदीखताची प्रत. मुलाने पैसे दिले असतील तर 'मुलाने दिले' असंच सरळ लिहा आणि मुलाचं स्टेटमेंट लावा, ज्यात ती रक्कम गेलेली दिसेल.

शेतकरी घरांत एक गोष्ट हमखास अडते. शेतीचं उत्पन्न आपल्याकडे आयकरातून मुक्त आहे, त्यामुळे 'आयटीआर नाही, मग उत्पन्नच नाही' असा अर्थ निघतो. कर लागत नसला तरी विवरणपत्र भरा, त्यात शेतीच्या उत्पन्नाची नोंद करता येते. आणि हे उत्पन्न करमुक्त का आहे, हे एका वाक्यात पत्रात सांगा. परदेशातल्या अधिकाऱ्याला ते माहीत असेलच असं धरून चालू नका.

सीएकडून काढलेला 'एकूण मालमत्ता अमुक कोटी' असा दाखला लोक मोठ्या आशेने लावतात. घर-जमिनीची किंमत कितीही असली तरी तिच्यातून विमानाचं तिकीट निघत नाही. मी तिसऱ्या वेळी तो लावलाच नाही. मुदत ठेवींच्या पावत्या लावल्या, त्याही जुन्या तारखांच्या.

नोकरदारांचं सोपं असतं: पगारस्लिपा, पगार जमा होणारं खातं, फॉर्म १६ आणि रजा मंजूर झाल्याचं कंपनीचं पत्र, ज्यात परत रुजू होण्याची तारीख असेल. दुकानदार-व्यावसायिकांनी जीएसटीची विवरणपत्रं आणि धंद्याचं चालू खातं द्यावं, आणि आपण नसताना दुकान कोण पाहणार तेही लिहावं.

परत येण्याचं कारण तुमच्या रोजच्या आयुष्यात असतं

पहिल्या अर्जात एजंटने लिहून दिलं होतं, 'माझी भारताशी घट्ट नाळ आहे.' असं वाक्य कुणीही लिहू शकतं, म्हणून त्याला वजन नसतं.

तिसऱ्या वेळी मी आईला विचारलं, "आई, तू तिथून हललीस तर काय काय अडेल?" ती हसली आणि मोजायला लागली. एप्रिलमध्ये द्राक्षाची खरड छाटणी, ती झाल्याशिवाय बाबा हलणार नाहीत. जून-जुलैत काड्या तयार होत असतात, तेव्हा भाऊ एकटा फवारण्या पाहू शकतो. पण ऑक्टोबरच्या फळछाटणीला बाबा हवेतच, आणि तिची तयारी सप्टेंबरपासून. आजी ८४ वर्षांची, तिला दोन महिने आत्याकडे ठेवता येईल, जास्त नाही. मी ऐकत होते आणि वहीत लिहीत होते. प्रवासाच्या तारखा यातूनच ठरल्या: ५ जून ते १० ऑगस्ट. पहिल्या वेळी आम्ही 'सहा महिने मिळतात ना, मग सहा महिने' म्हणून सहा महिने लिहिले होते. ज्याची बाग आहे, घरी म्हातारी आई आहे, तो सहा महिने कसा काय बाहेर राहणार, ही शंका आम्हीच पेरली होती.

तुमच्या घरी बाग नसेल. नातवंडाची शाळा असेल, सोसायटीचं काम असेल, दर तीन महिन्यांनी डॉक्टरांची ठरलेली तपासणी असेल. त्यातलं ज्याला कागद आहे ते घ्या. आमच्याकडे सातबारा, बागेच्या औषध दुकानाची वर्षभराची बिलं, पेन्शनचा आदेश आणि आजीचं नाव असलेलं रेशनकार्ड होतं. एवढ्या साध्या कागदांनी ते घर डोळ्यांपुढे उभं राहतं.

तरुण, अविवाहित, नुकतीच नोकरी लागलेल्यांना हा भाग जड जातो. त्यांना मी सांगेन की सहा महिने-वर्षभर नोकरी स्थिर होऊ द्या आणि मग अर्ज करा.

बाळंतपणाला येताय? शब्द जपून वापरा

मराठी घरांत सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो. लेकीच्या बाळंतपणाला आईने जायचं यात आपल्याला वेगळं काही वाटत नाही. पण आमच्या पहिल्या पत्रात 'बाळाला सांभाळण्यासाठी सहा महिने' असं लिहिलं होतं, आणि यूकेच्या नजरेत ते बाळ सांभाळायच्या नोकरीच्या जवळ जातं. घरच्या माणसाने थोड्या दिवसांच्या भेटीत बाळाकडे लक्ष द्यायला हरकत नाही, पण ती दाई म्हणून ठेवल्यासारखी व्यवस्था असता कामा नये. मी कामावर जाणार आणि आई दिवसभर बाळ पाहणार, असं चित्र कागदावर उभं राहिलं तर 'सी' आणि 'डी' दोन्ही कलमं आडवी येतात.

खोटं लिहू नका. खरं तेवढं नेमकं लिहा: लेक बाळंत होणार आहे, आम्हाला बाळ पाहायचं आहे, सात-आठ आठवडे राहू, मुलगी अमुक तारखेपर्यंत प्रसूतिरजेवर आहे, नंतर बाळाची नर्सरीत सोय केली आहे. रजेचं पत्र आणि नर्सरीतली नोंदणी लावता आली तर उत्तम.

बोलावणाऱ्याने काय द्यायचं

दुसऱ्या कुणी खर्च करायला नियमांची परवानगी आहे. व्ही ४.३ सांगतो की नातं खरं हवं, खर्च करणाऱ्याची क्षमता आणि तयारी दोन्ही हवी, आणि तो स्वतः इमिग्रेशनचे नियम मोडून राहिलेला नसावा. माझ्याकडून मी दिलं ते असं: सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, पगारस्लिपा, ईव्हिसावरून (ऑनलाइन व्हिसा नोंदीवरून) माझा इथला दर्जा दाखवणारा कागद, घराचा भाडेकरार आणि 'दोघांना स्वतंत्र खोली आहे, घरमालकाची हरकत नाही' असं घरमालकाचं पत्र. नात्यासाठी माझा जन्मदाखला आणि माझ्या पासपोर्टचं शेवटचं पान, ज्यावर आई-वडिलांची नावं छापलेली आहेत.

एवढ्यावर थांबा. काय देऊ नये याचीही यादी यूके सरकारच्या मार्गदर्शनात आहे: हॉटेल आणि विमानाची बुकिंग, प्रवास विमा, क्रेडिट कार्डची स्टेटमेंट, फोटो, नोटरीचे दाखले, बोलावणाऱ्याची विजेची आणि कौन्सिल टॅक्सची (इथल्या घरपट्टीची) बिलं. आमच्या दुसऱ्या अर्जात यातलं निम्मं होतं, १४० पानं! लग्नाचे फोटोसुद्धा. तिसरा अर्ज ५२ पानांचा होता. तिकीट आधी काढून ठेवलं म्हणजे व्हिसा मिळतो, हाही गैरसमज. निर्णयाआधी तिकिटात पैसे अडकवू नका.

सातबारा आणि नावांचा घोळ

मराठी कागद नुसता चढवला तर तो नसल्यासारखाच. प्रत्येक मराठी कागदासोबत पूर्ण इंग्रजी भाषांतर हवं, आणि भाषांतरकाराने 'हे मूळ कागदाचं अचूक भाषांतर आहे' असं लिहून तारीख, पूर्ण नाव, सही आणि संपर्क द्यायला हवा. सातबारा, आठ-अ, पेन्शनचा आदेश, बेदाण्याची पट्टी, रेशनकार्ड, सगळ्यांनाच हे लागू.

सातबाऱ्याला साधा इंग्रजी टायपिस्ट गाठू नका. आमच्या पहिल्या भाषांतरात 'पोटखराबा' या रकान्यात पोटाचा विकार असा अर्थ निघत होता! लागवडीला अयोग्य क्षेत्र, असा त्याचा अर्थ. 'हे. आर.' म्हणजे हेक्टर आणि आर, 'गट क्रमांक' म्हणजे काय, 'भोगवटादार वर्ग १' म्हणजे काय, हे ज्याला कळतं अशाच माणसाकडून करून घ्या. महाभूमीच्या संकेतस्थळावरचा डिजिटल सहीचा उतारा घ्या, कारण तलाठ्याच्या हस्ताक्षरातला जुना उतारा कुणालाच वाचता येत नाही.

आणि नावं. आईचं पासपोर्टवर एक नाव, बँकेत त्याच नावापुढे 'बाई', सातबाऱ्यावर माहेरचं. आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग तीन ठिकाणी तीन तऱ्हेचं. आपल्या नजरेला हे खटकत नाही, बाहेरच्याला ती तीन माणसं वाटतात. शक्य ते दुरुस्त करून घ्या. लग्नानंतरचं नाव असेल तर विवाह नोंदणी दाखला किंवा राजपत्रातली नोंद लावा. राहिलेल्यासाठी पत्रात एक ओळ: 'या तिन्ही नोंदी माझ्याच आहेत.'

पत्र: मुद्दा, उत्तर, कागदाचा क्रमांक

पत्र अर्जदाराच्या नावाने, दीड पानाचं, इंग्रजीत. पण आधी मराठीत बोलून घ्या, म्हणजे ते तुमचं वाटेल. बाबांच्या पत्रातला एक तुकडा मराठीत असा होता:

'दि. ... च्या नकारपत्रात म्हटलं आहे की, खात्यात आलेल्या ५ लाख रुपयांचा उगम स्पष्ट नव्हता. ते पैसे माझ्या जावयाने प्रवासासाठी पाठवले होते, पण मी तसा पुरावा दिला नव्हता. ती रक्कम मी त्यांना परत केली आहे (कागद ७). या वेळी आम्हा दोघांच्या तिकिटांचा खर्च मी माझ्या बचतीतून करणार आहे. ती पेन्शनमधून आणि बेदाण्याच्या विक्रीतून जमली आहे (कागद ८ ते १२). तिथला राहण्या-जेवण्याचा खर्च माझी मुलगी करणार आहे (कागद १५ ते १८).'

प्रत्येक मुद्द्याला असंच उत्तर. 'अधिकाऱ्याने अन्याय केला' असं लिहावंसं वाटतं, मलाही वाटलं होतं, ते खोडून टाका. पूर्वीच्या अर्जात काही चुकीचं लिहिलं गेलं असेल तर ते स्वतःहून दुरुस्त करा, कारण जुना फॉर्म त्यांच्याकडे आहे. तुमच्याकडे त्याची प्रत नसेल तर स्वतःची माहिती मागवण्याचा अर्ज यूकेच्या गृहखात्याकडे विनाशुल्क करता येतो.

फॉर्म आणि व्हीएफएस

प्रवासाच्या तीन महिने आधीपर्यंत अर्ज करता येतो. नवरा-बायको असले तरी अर्ज दोन, आणि दोघांच्या अर्जात कागद स्वतंत्रपणे पूर्ण हवेत. आईच्या अर्जात 'नवऱ्याच्या अर्जात पाहा' एवढं पुरत नाही. सातबाऱ्यापासून सगळं तिच्याही अर्जात चढवा आणि बाबांच्या अर्जाचा क्रमांक लिहा.

दोन, पाच, दहा वर्षांचे व्हिसाही असतात. नकारानंतर लगेच त्यांच्या मागे लागू नका, साधा सहा महिन्यांचा मागा. निर्णय साधारण तीन आठवड्यांत येतो. जास्त पैसे भरून तो लवकर मागवण्याची सोय आहे, पण त्याने निर्णयाचा कल बदलत नाही.

व्हीएफएस ही यूकेच्या वतीने अर्ज स्वीकारणारी कंपनी. तिच्या केंद्रावर, आमच्या बाबतीत पुण्याच्या, बोटांचे ठसे आणि फोटो घेतात. आमच्या वेळी पासपोर्टही जमा करून घेतला होता. निर्णय तिथली माणसं घेत नाहीत, त्यांना गाऱ्हाणं सांगून उपयोग नसतो. कागद आदल्या दिवसापर्यंत घरूनच चढवा. फाइलींना नावं द्या: '०८ बँक स्टेटमेंट वडील', '०९ बेदाणा पट्टी आणि भाषांतर'. शेतीकामाने किंवा वयाने बोटांच्या रेषा झिजलेल्या असतील तर आठवडाभर रोज रात्री हातांना खोबरेल चोळा. आधारच्या वेळी बाबांना आलेला त्रास आठवून आईने ही काळजी घेतली होती.

व्हिसा आल्यावर

नाव, पासपोर्ट क्रमांक आणि तारखा लगेच तपासा, चूक असेल तर प्रवासाआधीच कळवा. मग तिकीट काढा, पत्रात लिहिलेल्या तारखांच्या आसपासचंच. विमानतळावरचा अधिकारीही किती दिवस, कुणाकडे, परत कधी, असं विचारू शकतो. त्या दीड पानांच्या पत्राची प्रत, माझा पत्ता-फोन आणि परतीचं तिकीट आईच्या पर्समध्ये होतं, सामानाच्या बॅगेत नाही. हिथ्रोवर बाबांना विचारलं, "किती दिवस?" ते म्हणाले, "दहा ऑगस्टला परत. माझी द्राक्षबाग आहे."

ठरलेल्या तारखेला परत गेल्यावर बोर्डिंग पास आणि पासपोर्टवरच्या शिक्क्यांच्या प्रती त्याच फाइलमध्ये ठेवा. पुढच्या अर्जात ही भेट लिहायची आहे, आणि तिच्याबरोबर आधीचे दोन्ही नकारही पुन्हा तसेच लिहायचे आहेत, तारखा आणि क्रमांकांसकट. बाबांनी ते फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहून ठेवलेत.